गहाणाची मोटार

मोटारीसाठी नाव नोंदवलं त्या दिवसापासून ती दारात उभी राहीपर्यंत मधे काही वर्षं गेली, आणि त्या सगळ्या वर्षांत मला एकच गोष्ट फुकट आणि न मागता मिळत राहिली, ती म्हणजे सल्ला. त्या काळी पैसे असले म्हणून मोटार मिळत नसे. नंबर लागावा लागे. नंबर लागेपर्यंत लोकांना बोलायला विषय होता आणि मला ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी साताऱ्याला बांधकाम खात्यात डेप्युटी इंजिनिअर होतो. दिवसभर लोकांना रस्ता कसा करायचा ते सांगायचो आणि संध्याकाळी घरी आलो की त्या रस्त्यावरून मोटार कशी चालवायची ते लोक मला सांगायचे.

काळी घेऊ नका, उन्हात भट्टी होते. पांढरी घेऊ नका, धूळ दिसते. रंग आपल्या हातात नाही, कंपनी देईल तो घ्यायचा, असं मी म्हटलं की सल्ला देणारा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. नवी कशाला, पुण्यात एका पारशाची जुनी आहे, ती बघा. जुनी अजिबात नको, आतून काय निघेल सांगता येत नाही. ताब्यात घेताना जादा चाक आणि जॅक आहे का ते बघून घ्या. यातल्या एकाकडेही स्वतःची मोटार नव्हती. ज्यांच्याकडे होती ते गप्प असत. 

मला मोटार मिरवायला नको होती. कामावर जायला खात्याची जीप होती. मला मोटार हवी होती ती आबांसाठी, माझ्या वडिलांसाठी.

आम्ही धनगर. आमची वस्ती विट्याच्या पूर्वेला, जिथं पाऊस आला तर आला अशा मुलखात. आबांनी सगळी हयात मेंढरांमागं चालण्यात घालवली. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला निघायचं, कृष्णाकाठच्या शेतांतून खतासाठी मेंढरं बसवत बसवत पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायचं, आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. मी बोर्डिंगात राहून शिकलो, इंजिनिअर झालो, आणि धाकट्या भावानं विहीर पाडून शेती धरली. आबा मात्र मेंढरं धरून राहिले. मग त्यांचे गुडघे गेले. म्हणजे आधी दुखायला लागले, मग सुजायला लागले, आणि शेवटी असं झालं, की जागेवरून उठायचं तर एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात कुणाचा तरी खांदा लागायचा. कळप भावाचा गडी चारून आणायचा आणि आबा मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी बसून येणारं एकेक मेंढरू नजरेखालून घालायचे.

मिरजेला हाडांचे एक डॉक्टर होते. मी त्यांना भेटून आलो होतो. ते म्हणाले, घेऊन या, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण फार उशीर करू नका. आता घेऊन कसं यायचं? एस.टी. थांबायची ती फाट्यावर, वस्तीपासून तीन मैलांवर. बैलगाडीतून फाट्यापर्यंत आणलं तरी एस.टी.ची ती उंच पायरी. एकदा भावानं आणि कंडक्टरनं मिळून त्यांना वर घ्यायचा प्रयत्न केला. आबांच्या तोंडून असा आवाज निघाला, की भावानं त्यांना खाली घेतलं आणि गाडी सोडून दिली. त्यानंतर त्यांनी प्रवासाचं नावच टाकलं. मिरज राहिली आणि माझं घरही राहिलं. मी साताऱ्यात घर केलं, लग्न केलं, दारी जाई लावली, आणि माझ्या बापानं त्यातलं काहीही बघितलेलं नव्हतं. मोटार वस्तीच्या वाड्यापर्यंत जाऊ शकत होती. तिला उंच पायरी नव्हती. सगळी गोष्ट एवढीच होती.

पैशाचा सल्ला दिला आमच्या हेडक्लार्कनं. हा गृहस्थ नियमांवर जगायचा. तो म्हणाला, साहेब, सावकार नको, बँक नको, सरकारी अग्रिम घ्या. व्याज नावाला, हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, तुम्हाला कळतसुद्धा नाही. फक्त एक गोष्ट, हप्ते फिटेपर्यंत गाडी राज्यपालांच्या नावे गहाण राहते. मला वाटलं तो गंमत करतोय. पण नाही, तसं गहाणखतच होतं. मी, अमुक अमुक, माझी मोटार महाराष्ट्राच्या राज्यपालांकडे गहाण टाकतो, असं मी शिक्क्याच्या कागदावर सही करून दिलं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, न्यायला आले तर निदान चहा घेऊन जा म्हणावं. आम्ही दोघंही त्या गहाणखतावर पुष्कळ हसलो.

मोटार आली ती राखी रंगाची. कुणीही सुचवला नव्हता असा एकच रंग उरला होता आणि तोच आला. त्यानंतर सल्ल्याचा दुसरा हंगाम सुरू झाला, निगा राखण्याचा. यातले सरसेनापती म्हणजे आमच्या शेजारचे सुभेदार. पलटणीत ट्रकांच्या तांड्यावर नोकरी करून ते पेन्शनवर आले होते, आणि ट्रकांना जी शिस्त लावली तीच त्यांनी माझ्या मोटारीला आणि मला लावली. नव्या इंजिनाला पहिले काही शे मैल तीसच्या वर न्यायचं नाही. रोज सकाळी गाडी हलवण्याआधी पाणी, तेल, हवा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. चावी भावालाही द्यायची नाही. मी बाहेरून आलो की सुभेदार चपला घालून यायचे आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहायचे. हात किती वेळ टिकतो त्यावरून मी किती जोरात आलो ते त्यांना कळायचं म्हणे. माझ्या स्वतःच्या मोटारीतून घरी येताना मला धाकट्या वर्गातल्या मुलासारखी धाकधूक व्हायची. मी चिडायचो, पण तोंडातून शब्द निघायचा नाही, कारण ते गाडीवर खरोखर माया करत होते.

पहिला लांबचा प्रवास अर्थातच वस्तीचा. मी आणि बायको भल्या सकाळी निघालो. रहिमतपूर, मग औंध. औंधाला यमाईच्या डोंगराखाली बायकोनं थांबायला लावलं, खालूनच हात जोडले आणि नारळ फोडला. तीसच्या वर न जाता जेवणवेळेला वस्तीवर पोचलो. मागची गादी आम्ही मोकळी ठेवली होती. बायकोनं तिच्यावर दुपटं घडी करून टाकलं होतं, पाठीला एक उशी घेतली होती आणि खाली पाय ठेवायला लाकडी पाट. परत येताना वाटेत उतरून आबांना पाय मोकळे करता यावेत म्हणून सावलीच्या जागासुद्धा मी येताना हेरून ठेवल्या होत्या.

वस्ती गोळा झाली. वडीलधारी माणसं गाडीभोवती दोन वेढे घालून आली आणि बाजूला बसली. मग कुणीतरी भंडारा आणला. आमच्याकडे शुभ काही झालं की भंडारा उधळतात, म्हणजे हळद, आणि ती चिमटीनं नव्हे, ओंजळीनं. बिरोबाच्या नावानं चांगभलं झालं आणि माझी राखी मोटार बघता बघता पिवळी झाली. खिडक्या उघड्या होत्या. गाद्या पिवळ्या, दुपटं पिवळं, उशी पिवळी. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी कुठंच बघत नव्हतो. हळदीबद्दल सुभेदारांनी एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

आबा काठी टेकत आले. भावाचा खांदा सोडून त्यांनी तळहात बॉनेटवर ठेवला.

"तापलीया," ते म्हणाले. "पानी दावलंस का?"

दाखवलं म्हटलं. ते खूश होते. मला त्यांचा चेहरा चांगला कळतो, ते खूश होते. एका बाजूनं हात फिरवत ते दारापर्यंत आले. भावानं दार उघडून धरलं. आत वाकून त्यांनी ती उशी बघितली, पाट बघितला. आणि मग आमच्याकडे कुठल्याही नव्या जनावराबद्दल पहिल्यांदा जे विचारतात तेच त्यांनी विचारलं, याचं देणं फिटलं का?

मी सरळ सांगितलं. सरकारनं पैसे दिलेत, पगारातून कापून घेतात, आणि तोवर गाडी राज्यपालांच्या नावावर आहे. मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. उलट सरकार आपल्या मुलाला मोटारीला पैसे देतं याचं त्यांना कौतुक वाटेल अशीच माझी समजूत होती.

"म्हंजी गहान हाय," आबा म्हणाले.

"कागदावर, आबा."

"गहान कागदावरच असतंय."

त्यांनी वाकलेली पाठ सरळ केली आणि दारापासून बाजूला झाले.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला नीट सांगितल्याशिवाय कळायची नाही. आमच्या घरात एक रीत होती. गहाण टाकलेलं जनावर सावकार बऱ्याचदा गहाण टाकणाऱ्याच्याच दारात ठेवतो, कारण त्याच्याकडे त्याला चारा घालायला कुणी नसतं. अशा जनावराला खाऊपिऊ घालायचं, धुवायचं, सावलीत बांधायचं, पण त्याच्यावर बसायचं नाही, ओझं लादायचं नाही, लोकर कातरायची नाही. ते आपलं नसतं, आपल्याकडे फक्त सांभाळायला असतं. एका दुष्काळात आबांनी आमची घोडी विट्याच्या एका व्यापाऱ्याकडे धान्यासाठी गहाण टाकली होती. घोडी आमच्याजवळच होती. त्या वर्षी पश्चिमेला जाताना सगळं बिऱ्हाड माझ्या आईनं डोक्यावर वाहिलं, वर मी कडेवर, आणि धडधाकट घोडी मोकळ्या पाठीनं शेजारून चालत होती. ही गोष्ट आमच्या घरी अभिमानानं सांगतात. आईच अधिक सांगायची, होती तोवर. लहानपणी ती ऐकताना माझी छाती फुगायची. तीच गोष्ट एक दिवस मोटारीला लागू होईल हे कुठल्या हेडक्लार्कला सुचणार होतं?

मी समजावलं. भावानं समजावलं. वडीलधारी माणसं आबांच्याच बाजूनं मान हलवत होती, त्यांचा उपयोग नव्हता. मी म्हटलं, आबा, ज्यांच्याकडे गहाण आहे त्यांचीच परवानगी आहे वापरायची, तसं कलमच आहे.

"तुला दिली आसंल परवानगी," आबा म्हणाले. "मला कुटं दिलीया?"

मग मी विषय गुडघ्यांवर नेला.  मिरजेचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. आबा म्हणाले, गुडघ्याचं काय, ते आता आहे तसंच. नंतर ते माझ्यावर रागावले नाहीत, ओरडले नाहीत, उलट काळजीनं मला शेजारी बसवून घेतलं आणि सल्ला दिला. आजवर मिळालेल्या सगळ्या सल्ल्यांत तोच एक सल्ला मनापासून होता. गाडी सावलीत ठेव, अंगावर पांघरूण टाक, वेळेवर पाणी दे, आणि फिटेपर्यंत तूसुद्धा तिच्यावर बसू नको. आता आणलीच आहेस तर जाताना हळू ने. परक्याची वस्तू आहे.

आम्ही रिकामी मागची गादी घेऊन परत आलो. मायणीच्या पुढं बायको एकदम रडायला लागली. मला इतका राग आला होता, की मी तिला गप्प राहा म्हणालो, आणि मग आबांसाठी हेरून ठेवलेल्या एका झाडाखाली गाडी थांबवली. राग आबांवर नव्हता. कुणावर होता ते सांगता येत नाही. ज्या माणसाशी भांडायचं तो बरोबर असला म्हणजे रागाला जागाच उरत नाही.

त्यानंतर सल्ल्याचा तिसरा हंगाम. बापाला मोटारीत कसं बसवावं? हेडक्लार्क, नियमांवर जगणारा माणूस, पण तो म्हणाला, साहेब, फिटली म्हणून सांगा, त्यांना कुठं कळतंय. सुभेदार म्हणाले, दोघांनी उचलायचं आणि आत ठेवायचं, पुढं बघून घेऊ. बायको म्हणायची, त्यांच्या मनाविरुद्ध नको, पण मग कसं? मला यातलं काहीच जमत नव्हतं. खोटं बोललो असतो तर आबांनी विश्वास ठेवला असता, हीच त्यातली अडचण होती. मी जमेल तेव्हा एस.टी.नं वस्तीवर जायचो. मोटार साताऱ्यात सावलीत उभी असायची आणि तिचा मालक फाट्यावर उतरून तीन मैल चालत जायचा, कारण आबांसमोर ती नेण्याची मला लाज वाटायची. दर खेपेला त्यांचे गुडघे थोडे आणखी वाकडे झालेले दिसायचे.

अशा एका खेपेला त्यांनी सहज विचारलं, ती सुटायची कधी? मी सांगितलं, असेच हप्ते गेले तर अजून बरीच वर्षं. मधेच सोडवता येत नाही का? येते, सगळी रक्कम एकदम भरली तर. ते हूं म्हणाले आणि पावसाचं बोलायला लागले. मीही पावसाचं बोललो.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवार होता. मी दारात वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. फाटकाशी काठी वाजली. बघतो तर आबा. एकटे, अंगावर घोंगडं, पांढऱ्या फेट्यावर धूळ, आणि फाटकाला धरून उभे.

मी धावत गेलो. बायको आतून आली आणि तिनं डोक्यावरून पदर घेऊन तिथंच वाकून नमस्कार केला. आम्ही दोघांनी धरून त्यांना आत आणलं. आधी काही विचारायचं सुचलंच नाही. आबा माझ्या घरात होते. त्यांनी भिंतीला हात लावून बघितला. फरशीवर बसले आणि तळहात टेकून म्हणाले, "गार हाय." बायकोनं पाणी आणलं, ते गटागटा प्यायले. त्यांच्या अंगाला मेंढरांचा वास येत होता. तो नेहमीच यायचा, पण आज जरा जास्तच येत होता.

मग मी विचारलं, आलात कसे?

ट्रकनं, म्हणाले. मुंबईच्या व्यापाऱ्याच्या ट्रकनं, मागं मेंढरांत बसून. व्यापाऱ्याच्या माणसांनी वर घेतलं आणि इथं नाक्यावर उतरवून दिलं. पुढं विचारत आलो. हे सांगता सांगता त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि माझ्यापुढं ठेवली.

"घे. भर सरकारचं. सुटू दे ती."

मला समजायला वेळ लागला. बायकोला आधी समजलं.  आबांनी कळप विकला होता. तरण्या माद्या भावकीतल्या एकाला दिल्या होत्या, आणि बाकी सगळी, नर, म्हातारी, लंगडी, ज्यांना ते एकेक करून ओळखायचे, ती व्यापाऱ्याच्या ट्रकात भरली होती. भावाला शेवटच्या दिवशी सांगितलं. आणि त्याच ट्रकात, त्यांच्यातच बसून, ते साताऱ्यापर्यंत आले होते.

मी काय काय बोललो ते आता आठवत नाही. हात जोडले एवढं आठवतं. म्हटलं, हे पैसे घ्या, ट्रक अजून लांब गेला नसेल, परत आणू. आबा, मला मोटार नको, मी विकून टाकतो. त्यांनी ऐकून घेतलं.

"इकल्यालं माघारी मागत न्हाईत," ते म्हणाले. "आन मी आता राखनार किती दिस? तुजी सुटली, बास झालं."

बायकोनं ताट वाढलं. आबांनी भाकरीचा एक घास मोडला आणि तो हातातच राहिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी घाबरलो. मला वाटलं, छातीत कळ आली. त्यांनी घास ताटात ठेवला, कमरेची रिकामी कापडी गाठ चाचपली, घोंगडं झटकलं.

"घाटी ऱ्हायली," ते म्हणाले.

जनावर विकलं तरी त्याचं दावं, त्याच्या गळ्यातली घाटी, म्हणजे घंटा, आपण ठेवून घ्यायची असते. जनावर गेलं तरी घरची बरकत घरातच राहावी म्हणून. कुणीही गरीब धनगर असो, हे कधी विसरत नाही. कळपाच्या पुढं चालणाऱ्या म्होरक्याच्या गळ्यात आमच्याकडे एक पितळी घाटी असायची. आबांच्या बापापासूनची. म्होरके बदलत गेले, घाटी तीच. वस्तीवर भरताना गडबड झाली, मग म्हणाले नाक्यावर उतरताना काढतो, आणि नाक्यावर दोघा माणसांनी त्यांना उचलून खाली ठेवलं त्या कळेत डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ट्रक निघून गेला.

ते काठीवर जोर देऊन उठले. कुणाचा खांदा न घेता उठले.

"काढ गाडी," ते म्हणाले.

 रविवार होता, ट्रेझरी बंद, पैसे समोर फरशीवर तसेच पडलेले. मोटार अजून राज्यपालांचीच होती आणि हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"पाप लागंल ते मला लागंल. काढ."

ज्या दिवसासाठी मी मोटार घेतली तो दिवस असा आला. आबा पुढच्या सीटवर बसले, पण टेकून नाही, कडेला, काठी दोन्ही गुडघ्यांत उभी धरून. मागच्या गादीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी गाडी पुण्याच्या रस्त्याला घातली. आयुष्यात पहिल्यांदा मी ती अशी पळवली. आबांनी काच खाली केली होती आणि डोकं बाहेर काढून ते वाऱ्यात कान देऊन बसले होते. मी काही बोललो की हातानं गप्प राहा म्हणायचे. पाचवडच्या चहाच्या दुकानात विचारलं, तर म्हणाले, मेंढरांचा ट्रक ना, आत्ताच गेला, माणसं चहा पिऊन गेली. आबांचे डोळे चमकले. "पळव," ते म्हणाले, "पळव गड्या." मला आयुष्यात ते गड्या कधी म्हणाले नव्हते. सुरूर मागं टाकलं. दूरवर एखाद्या ट्रकाचं धूड दिसलं की ते सीटवरून अर्धे उठायचे. जवळ गेलं की लाकूड असायचं, नाहीतर गुळाच्या ढेपा.

खंबाटकीचा घाट चढायला लागलो आणि दोन वळणांतच बॉनेटमधून वाफ यायला लागली. तरी मी पुढं रेटली. तिसऱ्या वळणावर गाडी गचके देऊन थांबली. दुपार झाली होती. वर घाटात ट्रकांची रांग रांगत होती, त्यांतला कुठलाही ट्रक तो असू शकत होता. मी उतरलो, झाकण उघडलं, वाफ तोंडावर आली. पाणी टाकायचं तर आधी गाडी निवायला हवी. निवेपर्यंत ट्रक घाट उतरून पार शिरवळला जाणार. इंजिनिअर माणूस मी, पण त्या झाकणासमोर हात लोंबकळत ठेवून उभा राहण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

आबा आपले आपण उतरले. कसे उतरले कुणास ठाऊक. रस्त्याच्या कडेनं काठी टेकत ते वळणापर्यंत चढून गेले आणि वर तोंड करून उभे राहिले. पुष्कळ वेळ. ट्रक जायचे यायचे, त्यांचा धूर त्यांच्या अंगावरून जायचा. मी हाक मारली नाही. शेवटी ते वळले आणि जसे गेले तसेच परत आले.

तोवर गाडी निवली होती. पाणी भरून मी ती परत साताऱ्याच्या दिशेला वळवून उभी केली, खाली उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडून धरलं. आबा दाराशी आले. आत हात लावून बघितला. आणि बाजूला झाले.

"बसा, आबा," मी म्हटलं. "उद्या सकाळी पहिलं काम पैसे भरायचं. सुटलीच म्हणायची."

"उद्या सुटंल," ते म्हणाले. "तवा उद्या बसंन."

"येताना बसलातच ना."

"तवा काम हुतं. आता काय काम हाय?"

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. गुडघे धोतरावरूनसुद्धा सुजलेले दिसत होते. मी म्हटलं, आबा, साताऱ्याला कित्येक मैल आहेत, तुमच्यानं चार पावलं होणार नाहीत. ते म्हणाले, होतील तेवढी चालतो, पुढं बैलगाडी मिळंल, न्हाईतर बसतो कुटं तरी सावलीला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "चांगली हाय. जप तिला."

त्यांनी काठी पुढं टाकली आणि घाट उतरायला लागले. मी दार लावलं आणि गाडीत बसलो. पहिल्या गिअरमध्ये, पायानं ब्रेक धरून, मी त्यांच्या मागून चाललो होतो, आणि माझ्या मागचे ट्रकवाले वाट सोडा म्हणून हॉर्न वाजवत होते.